उलटा पेला

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचं सकाळचं फिरणं चालू असेलच. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट तसंच ठेवून देशील, अशी धास्ती वाटते; म्हणून आधी कामाची बातमी सांगते.

आमच्या रुग्णालयाच्या सेवेचं मूल्यमापन आता बौद्धिक अक्षमता असलेले रुग्ण स्वतः करतात. त्यांच्यातल्याच सहा जणांची समिती आहे आणि तिला शिकवण्याचं काम माझ्याकडे आहे. पद्धत इतकी सुंदर आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही! नोंदणीची खिडकी, बाक, इंजेक्शनची खोली, डॉक्टरांची खुर्ची, अशा प्रत्येक जागेचा फोटो रुग्णाने आवडली तर हिरव्या, नाही तर लाल डब्यात टाकायचा. एका वेळी एकच प्रश्न. विचारल्यावर मनात दहा आकडे मोजत थांबायचं. मग तोच प्रश्न फिरवून विचारायचा, कारण विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणून पुष्कळ जण सगळ्यालाच ‘हो’ म्हणतात. आणि मुख्य नियम असा, की नातेवाइकांनी दाराबाहेर बसायचं.

समितीतल्या एक बाई बेकरीत खोकी जुळवतात. सगळे त्यांना खोकेबाई म्हणतात. त्या मोठ्या डॉक्टरांनाही अरे-तुरे करतात. गेल्या मंगळवारी डॉक्टरांनी कौतुकाने जुने अर्ज दाखवले. सगळ्यांवर एकच शेरा: ‘रुग्ण समाधानी’.

“हे कुणाला विचारलंस?” खोकेबाई म्हणाल्या.

“सोबतच्या माणसांना. आईला, भावाला.”

“का? पोट आईचं दुखत होतं का?”

डॉक्टरसुद्धा हसले. मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू एवढं शिकवतेस. तुझ्या घरी आहे का कुणी माझ्यासारखं?”

“भाऊ होता.”

“त्याला विचारलंस?”

त्या दहा आकडे मोजत थांबल्या. ते मीच त्यांना शिकवलं आहे.

ताई, आपल्या भावाला, घरच्या लाडक्या साहेबांना, दुखलं-खुपलं सांगता येत नसे. दाढ ठणकली तेव्हा त्यांनी घरभरच्या चपला उलट्या केल्या होत्या, कान दुखला तेव्हा भिंतीवरचं घड्याळ. ही खूण प्रथम ओळखलीस तूच. आईलाही तूच समजावलीस. म्हणून शेवटच्या आजारात तुझा पहिला फोन आला तो हाच: “अगं, त्याने काही उलटं ठेवलंय का?”

मी ‘नाही’ म्हणाले.

ते खोटं होतं. रुग्णालयातल्या पहिल्या दिवसापासून साहेब पाण्याचा पेला पालथा घालत होते. चादर भिजे. परिचारिकेने विचारलं, “यांना काही दुखतंय का?” मी म्हणाले, “छे, खेळ आहे त्यांचा. घरीही असंच चालतं.” मला कळत नव्हतं असं नाही. पुन्हा सुई, पुन्हा त्यांचं ओरडणं आणि त्यांना दाबून धरणारे माझेच हात, हे मला नको झालं होतं. मी दमले होते. तिसऱ्या दिवशी मी पेलाच कपाटात ठेवून दिला.

मग त्यांच्याजवळ उलटं करायला काही उरलं नाही. ते स्वतःच पालथे पडून राहू लागले. शांत झोपलेत, असं मी सगळ्यांना सांगितलं, आणि तसल्याच एका अर्जावर ‘रुग्ण समाधानी’ लिहून खाली सही केली. पाचव्या दिवशी आतडं फुटलं.

“मी असते तर कळलं असतं,” असं तू त्यांच्या तेराव्याला रडत म्हणालीस. त्यावर मी भरल्या घरात तुला सुनावलं, “नव्हतीस ना? मग बोलू नकोस.” तू गेलीस ती गेलीसच. त्या वाक्याच्या आड मी चार वर्षं लपून राहिले.

मंगळवारी हे सगळं खोकेबाईंना सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्या म्हणाल्या, “मला काय सांगतेस? ताईला सांग.”

पेला माझ्याकडे आहे. घासून मेजावर सुलटा ठेवलाय. त्यातून कुणी पाणी पीत नाही. उत्तराची घाई करू नकोस. दहाच्या पुढचे आकडेही मला येतात.

जिने दाराबाहेर बसायला हवं होतं, ती
तुझी धाकटी