चौदा दुरुस्त्या

३ मार्च. सकाळी ७.
आजपासून इंग्रजी. मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप एकट्याच्या हिमतीवर उभं केलं. शिकवायला कोण होतं? बाहेरून आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की नाही सांगतो. भाषाही कानानेच येणार. आठवडा पुरे.

४ मार्च.
संताप! एक माणूस जातो तर 'गोज', चार जातात तर 'गो'. माणसं वाढली की क्रियापदाचा एस काढून घेतात! ही कुठली रीत? आपल्यात मुलगा धावतो, मुलं धावतात. माणसं वाढली, शब्द वाढला. मुलीला विचारलं. एम.ए. आहे, इंग्रजीतच. म्हणाली, बाबा, नियमच तसा आहे. म्हटलं, कोणी केला? पुस्तक उचलून आत गेली. म्हणजे हिलाही माहीत नाही.

५ मार्च.
नियम मीच केला. अनेक असतील तर सगळीकडे एस, एकटा असेल तर कुठेच नाही. वर्कशॉपमधल्या मिस्त्रीला ऐकवला. म्हणाला, मालक, एकदम पटलं. त्याला इंग्रजी येत नाही, पण माणूस समजदार.

७ मार्च. दुपारी.
लहान मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या एका संस्थेत मुलीचा अर्ज. दोन वर्षं याच जागेवर डोळा ठेवून आहे. प्रिंट काढायला फाइल माझ्याकडे दिली. वाचली आणि डोकंच फिरलं. 'चिल्ड्रन लर्न'! मुलं ढीगभर आणि एस एकही नाही! एम.ए. कसली झाली ही? चौदा ठिकाणी दुरुस्त केलं. पाकीट चिकटवून मिस्त्रीबरोबर रवाना. तिला बोललो नाही. केलेलं बोलून दाखवायचा आपला स्वभाव नाही.

१४ मार्च.
नकार. मुलाखतीलाही बोलावलं नाही. कारण काय, तर व्याकरण कच्चं! मुलगी दार लावून बसलीय. बायको हाका मारून थकली. रडण्याचा आवाज भिंतीपलीकडूनही कळतो मला. उद्या संस्थेत जाऊन एकेकाला सरळ करतो.

१५ मार्च.
केलं सरळ. तिथल्या मोठ्या बाईंनी मुलीचा अर्ज काढून पुढे ठेवला. म्हणाल्या, तुम्हीच बघा. टेबलावर हात आपटून सांगितलं, यातल्या चौदाच्या चौदा दुरुस्त्या माझ्या आहेत, पोरीला एकही सुचली नव्हती! बाईंनी चष्मा काढला. नक्की तुम्हीच? म्हटलं, एकूण एक, लिहून देतो. दिलं. बाईंनी तिथूनच मुलीला फोन लावला. परवा मुलाखत. माणसाचा दरारा असावा तो असा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मुलगी माझ्याशी बोलत नाही. आनंदाने सुचत नसेल. बायको बोलते. थांबतच नाही.

१७ मार्च.
नोकरी लागली! मुलगी दोन दिवसांनी तोंड उघडून बोलली. मुलाखतीत काय विचारलं, ते विचारलं. म्हणाली, तुम्ही पाठवलेला अर्जच दिला, चुका काढा म्हणाले. किती निघाल्या ते विचारलं नाही. कागद संस्थेनेच ठेवून घेतला म्हणे. दर वर्षी मुलांच्या परीक्षेत चुका काढायला देणार आहेत. म्हटलं, खाली तुझं नाव? म्हणाली, हातापाया पडून खोडायला लावलं, बाबा.
परीक्षेला बसणारी मुलं केवढी, विचारलं.
नऊ वर्षांची.