न बुडणाऱ्या मेहुण्यांचं प्रमाणपत्र

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे जमेल तेवढंच वाकून). आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तुझ्या तब्येतीची चौकशी तुझ्याकडे करण्यात अर्थ नाही, कारण तू ‘मस्त’ एवढंच कळवतोस. म्हणून ती मी वहिनीकडे केली. गुडघ्यांच्या ऑपरेशनला वर्ष झालं, पाण्यात उतरा म्हणून डॉक्टर कानीकपाळी ओरडतायत, आणि तीस वर्षं अख्ख्या गावाला पोहायला शिकवणारा माणूस तरणतलावाकडच्या खिडकीला पाठ करून खुर्चीत बसून असतो, असं ती म्हणाली. कुणी हात धरून उतरवलेलं तुला चालायचं नाही म्हणे. असो. तुझ्या पायांबद्दल मी या पत्रात चकार शब्द काढणार नाही.

पत्राला कारण तुझे मेहुणे. तुझ्या हाताखाली तीनदा नापास झालेला हा तुझा एकमेव विद्यार्थी (तिसऱ्यांदा तू शिट्टी त्यांच्याच हातात देऊन घरी निघून गेलास). यांनी कुठेसं वाचलं, की समुद्रापासून शेकडो मैल आत एक खारट तळं आहे आणि त्यात माणूस बुडतच नाही. आता बुडतच नाही म्हटल्यावर नुसतं जावं ना? पण पडदे शिवण्यात हयात गेलेला माणूस काहीतरी शिवल्याशिवाय घराबाहेर पडायचा नाही. स्वतःसाठी बाटल्यांची बुचं भरलेलं जाकीट शिवलं, ‘असू दे’ म्हणून. आणि माझा पोहायचा झगा वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे घातले, जाड पडद्यांना घालतात ते.

नऊ तास बस, त्यातले शेवटचे दोन रस्ता नसलेल्या रस्त्यावरून. तिथे झाड नाही, दुकान नाही, दोन खोल्यांचं विश्रामगृह आणि जिकडेतिकडे मीठ. रात्री वाळत घातलेला टॉवेल सकाळी भिंतीला टेकून उभा होता.

तळ्यात पाणी गुडघाभर. हे ऐटीत बसले आणि यांचे दोन्ही पाय वर आले. पाय दाबावेत तर जाकीट हनुवटीला, जाकीट दाबावं तर पाय पुन्हा आकाशाकडे. त्यात फोटोसाठी सकाळीच घोटून दाढी केलेली. पाणी गालाला लागल्यावर जे तोंडातून निघालं ते थोरल्या भावाला लिहिण्यासारखं नाही. वारा यांना सावकाश पलीकडे नेऊ लागला. मी मागे धावले, पण शिशामुळे झगा पायांना चिकटलेला, पावलागणिक चिखल. तेवढ्यात हे ओरडले, “दादांना बोलवा!”

देवाला नाही, मला नाही, नऊ तास लांब असलेल्या तुला. मी हसत होते, पण दादा, ते ऐकून माझे डोळे भरून आले. (मीठ गेलं, असं यांना सांगितलं.) शेवटी मीठ गोळा करणाऱ्या एका बाईनं जाकिटाला धरून यांना काठाला ओढून आणलं. गुडघाभर पाण्यात मदतीला हाका मारणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला म्हणे. यांच्या हिशेबी मात्र हे पाव मैल पोहले.

वहिनीला नमस्कार. खुर्चीलाही सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. १ : यांना आता तुझ्या सहीचं ‘उत्तीर्ण’ असं प्रमाणपत्र हवं आहे. शिक्षकानं शेजारी पाण्यात उतरून पाहिल्याशिवाय पास करायचं नाही, हा नियम तुझाच. तेव्हा यावं लागेल.

ता. क. २ : यांनी तुझ्यासाठी पोहायची चड्डी शिवली आहे, गुडघ्याखालपर्यंत, टाके दिसणार नाहीत अशी. माप वहिनीनं तू खुर्चीत घोरत असताना घेतलं.

ता. क. ३ : हे यांना कळू देऊ नकोस. त्या तळ्यात कुणालाच बुडता येत नाही, तेव्हा यांच्या पोहण्याला काडीचा अर्थ नाही, हे मलाही कळतं. पण तिथे कुणाला कुणाचा हातही धरावा लागत नाही, दादा. शनिवारी सकाळी गाडी घेऊन दारात येतो आहोत.