तिसरा हात

आदरणीय दादांना,

मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात धुऊनच जोडले आहेत, तरी कागदावर जे काळे ठसे दिसतील ते इंजिन ऑइलचे समजावेत.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? हिला जाऊन उद्या तीन महिने होतील आणि तुम्ही अबोला धरलात त्यालाही तितकेच. "मोठ्या हॉस्पिटलात आधीच हलवलं असतं तर" हे तुमचं वाक्य रोज माझ्यासोबत जेवायला बसतं. ते बसू दे, आज मोटारसायकलबद्दल लिहितो.

तर झालं असं, की गाडीचे टॅपेट वाजायला लागले होते. इंजिनाच्या डोक्यात दोन व्हॉल्व्ह असतात, त्यांच्यावर केसाएवढी फट ठेवावी लागते. ती वाढली की कोरड्या पडलेल्या शिलाई मशीनसारखी टकटक सुरू होते. (हा दाखला तुम्हाला लगेच कळेल.) ही मागे बसून वर्षभर सांगत होती, "अहो, गाडी कुरकुर करतेय, बघा जरा." मी टाळत राहिलो, मग ही हॉस्पिटलात दाखल झाली. बघणार कसं? फट मोजायला इंजिन पूर्ण गार हवं. ते गार व्हायचं पहाटे, आणि तेव्हा मला हिचा डबा घेऊन हॉस्पिटलात निघायचं असायचं. असे सहा महिने गेले. आता सवड मिळाली.

रविवारी हिची चांगली परात सुटे भाग ठेवायला घेतली (ओरडायला कोणी नव्हतं, तरी मी थोडा वेळ वाट पाहिली), झाकणं उघडली, पिस्टन वर आणला, फटी बसवल्या आणि किक मारली. भांड्यांचं कपाट उलटं व्हावं तसा आवाज आला. शेजारचे निवृत्त पोस्टमन, ज्यांनी जन्मभर सायकलच हाकली, कठड्यावरून म्हणाले, "पिस्टन दोनदा वर येतो साहेब. तुम्ही चुकीच्या वेळी पकडलात." त्यांचं बरोबर निघालं, याचं मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी योग्य वेळ पकडली, तर हात कमी पडले. एका हाताने फटीत मापाची पोलादी पट्टी धरायची, दुसऱ्याने स्क्रू हलू द्यायचा नाही, तिसऱ्याने नट आवळायचा. पट्टी दातांत धरून पाहिली, ओठ कापला. पोस्टमनांच्या हाती दिली, त्यांनी ती पेटीत पत्र टाकावं तशी आत सोडून दिली. (चिमट्याने काढली. तासभर गेला.)

बावीस वर्षं ती पट्टी हीच धरायची. डोळे मिटून चिमटीत ओढायची आणि सांगायची, "घट्ट... सैल... हं, आता बस." पट्टी किंचित अडखळत सरकावी, असं पुस्तकात लिहिलंय. किंचित म्हणजे किती, हे पुस्तकाला माहीत नाही; हिला माहीत होतं. चिमटीत कापड धरून पोत सांगायला तुम्ही दोघं भावंडं वडिलांच्या शिलाईच्या दुकानात शिकलात, तीच ही बोटं. मला फक्त ती "बस" म्हणाली की थांबायचं ठाऊक. आता कोणी बस म्हणत नाही आणि मी घट्ट-सैल करत राहतो. दादा, फार एकटं वाटतं हो.

असो. शेवटी कसंबसं जमलं. गाडी आता झकास चालते, काळजी नसावी. वहिनींना नमस्कार सांगा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. हिची मोठी कात्री आता तुमच्याकडे यावी असं वाटतं. पार्सलने पाठवली तर धार बिघडेल, म्हणून पाठवत नाही.

आणखी एक ता. क. गाडी झकास चालते, हे खोटं लिहिलं. झाकणं अजून परातीतच आहेत. तुम्ही या. राग सोडून या असं म्हणत नाही, घेऊनच या. एका चिमटीपुरतं काम आहे. बोलावंही लागणार नाही, फक्त "बस" म्हणायचं. आणि घाई करू नका, गुडघा बघून या. इंजिन गारच असतं. मला आता सकाळ-संध्याकाळ कुठे जायचं नसतं.