दगडाचं तोंड कुणीकडे

कॉर्क, आयर्लंड
१२ मे २०२५

तीर्थरूप दादास,
विमलचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण तुला कानांनी कमी ऐकू येतं आणि म्हणून तू ओरडतोस. मुलगा पितो का ते बघ, असं तू परवा ओरडलास ते तुझ्या लेकीने स्वयंपाकघरात ऐकलं. ईशाला मी हवापालटाला आले असं सांगितलं होतं. अर्थात आत्या स्थळ बघायला आली आहे हे तिला विमानतळावरच कळलं होतं. यापुढे पत्राचे फोटो वेदिकाच्या फोनवर पाठवीन. सुनेकडून मोठे करून घे आणि मनातल्या मनात वाच.

काल डोनलच्या गावी गेलो. मुलगा उंच, लालबुंद, आणि इतका घाबरलेला की मी बसलेली असताना मला पुन्हा खुर्ची आणून दिली. घर शेतातच आहे, गाई धष्टपुष्ट. विहीर कुठे म्हणून विचारलं तर त्याने आभाळाकडे बोट दाखवलं. माड नाही, पोफळ नाही, पण आपल्यासारखेच नुसत्या दगडावर दगड रचलेले गडगे आहेत. त्याच्या आईने, नोराबाईंनी, बटाट्याबरोबर बटाटे वाढले. बाई बोलायला कमी, पण पानात टाकलेलं तिला खपत नाही. मला ते आवडलं.

घर आणि रस्ता यांच्यामधल्या कुरणात चार दगड ओळीने उभे आहेत, त्यातला एक चांगला पुरुषभर उंच. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी उभे केले, का ते कोणालाच ठाऊक नाही, असं डोनल म्हणाला. त्याच्या आजोबांनी त्यातला एक उपटून फाटकाला लावायचं मनात आणलं, तर त्याच आठवड्यात दुभती गाय गेली. तेव्हापासून नांगर लांबून वळवतात. मी समजले, हा जागेचा राखणदार. आपल्या आगरातल्या राखणदारासारखाच, फक्त नारळावाचून उपाशी. वर्षाची राखण म्हणून याला काय वाहता, असं मी विचारलं. ईशाने त्याचं इंग्रजी करायला साफ नकार दिला.

मुलगा मला पसंत आहे. तुझं काय ते कळव. लोभ आहे तो वाढावा, आवाज तेवढा कमी व्हावा.

तुझी,
विमल

*

गुहागर
१८ मे २०२५

चि. विमल हिस अनेक आशीर्वाद.

वेदिकाने पत्र मोठं करून दिलं, पण माझा चष्मा सापडेना, म्हणून मोठ्याने वाचूनही दाखवलं. म्हणजे आता शेजारच्या दादूलाही सगळं ठाऊक झालं.

मुलगा तुला पसंत पडणारच. दारावर आलेला चटईवालासुद्धा तुला पसंत पडतो. मला हे स्थळ पसंत नाही. मुलात खोट आहे असं नव्हे. पण तिथे ईशा तापाने पडली तर मऊभात कोण करून घालील? नोकरी आहे, कंटाळली की येईल परत, असं मी धरून चाललो होतो. लग्न झालं की ते संपलं. वहिनी तुझी असती तर हे तिने बोलून दाखवलं असतं, मी गप्प बसलो असतो.

तरी ईशाला शब्द दिला आहे की देवाचा कौल मिळाला तर आडवा येणार नाही. म्हणून काल देवळात गेलो. गुरवाने सगळं ऐकून घेतलं आणि पाकळ्या लावायलाच तयार होईना. ती जागा देवीच्या हद्दीबाहेरची आहे, तिथल्या मालकाला विचारा, म्हणाला. समुद्र तर एकच आहे, असं मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला की देवी खाडीपलीकडच्या दाभोळचंही सांगत नाही, आयर्लंडचं कुठून सांगणार.

तेव्हा तूच त्या उंच दगडाला कौल लाव. दोन्ही कडांना एकेक ओली पाकळी चिकटवायची आणि ईशाने या घरात यावं का, असं स्पष्ट विचारायचं. देवाच्या उजव्या हाताची पाकळी आधी पडली तर हो, डाव्या हाताची पडली तर नाही. लबाडी करू नकोस. शाळेत तू काठावरची सगळी पोरं पास करायचीस.

माझी माया आहेच, ती पत्रात मागू नये.

सखारामदादा

*

कॉर्क
२६ मे २०२५

तीर्थरूप दादास शि. सा. न.

कौल लावला. जास्वंद कुठली मिळायला, नोराबाईंच्या दारचा गुलाब घेतला. ईशा लाजेने गाडीत जाऊन बसली. पाकळ्या लावल्या आणि पाऊस सुरू झाला. पावसाने पाडलेला कौल तू मानणार नाहीस, म्हणून मी डोनलला हातवारे करून छत्री मागितली. छत्री घेऊन नोराबाईच आल्या आणि दगडावर धरून उभ्या राहिल्या, स्वतः भिजत. काय चाललंय हे त्यांनी लेकाला विचारलं, त्याने सांगितलं, आणि त्यांनी छत्री जरा सरळ धरली. डोनल तर परीक्षेच्या निकालाला उभा असावा तसा उभा. शेवटी ईशाही गाडीतून उतरून आली.

गोठ्याच्या बाजूची पाकळी आधी पडली.

आता घोळ ऐक. दगडाच्या एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला रस्ता. त्याचं तोंड रस्त्याकडे असेल तर गोठा त्याच्या उजव्या हाताला येतो, म्हणजे होकार. तोंड घराकडे असेल तर गोठा डाव्या हाताला, म्हणजे नकार. आणि दगडाला नाक ना डोळे. मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. दगडाचं तोंड कुणीकडे, असं नोराबाईंना विचारलं, या वेळी ईशाने इंग्रजी केलं. आजवर कोणी विचारलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या आणि त्याही एक फेरी मारून आल्या.

निकाल तू दे. मी काठावर पास करते असं तूच लिहिलंस. इथे तीन माणसं खोळंबली आहेत, त्यांच्यावर लोभ ठेवून लिही.

विमल

*

गुहागर
२९ मे २०२५

चि. विमल हिस आशीर्वाद.

यात विचारायचं काय? राखणदार ज्या घराची राखण करतो त्या घराकडेच बघणार. तोंड घराकडे, कौल डावा. ईशाला नीट समजावून सांग, रडू देऊ नकोस. माझ्यावर रागवली तरी चालेल.

सखारामदादा

*

कॉर्क
२ जून २०२५

तीर्थरूप दादास शि. सा. न.

ईशा रडली नाही. बाबांनी सांगितलं ना, मग झालं, एवढंच म्हणाली आणि कामावर गेली. डोनलचा फोन आला तर उचलत नाही. तू दिलेला शब्द ती पाळते आहे, हे मला बघवत नाही. तिने भांडायला हवं होतं.

माझं एवढंच म्हणणं आहे की घराकडे तोंड करून राखण करणारा राखणदार मी अजून पाहिला नाही. चोर काय माजघरातून येतो? पण तू मोठा. रागावले आहे, म्हणून लोभाचं पुढच्या वेळी बघू.

विमल

*

गुहागर
८ जून २०२५

चि. विमल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून जेवण जात नव्हतं. काल संध्याकाळी पडवीत बसलो होतो. वेदिका चहा घेऊन आली आणि म्हणाली की बाबा, ईशाताई गेल्यापासून तुम्ही खुर्ची फिरवून बसता. मी म्हटलं, कशी? तर म्हणे, पूर्वी घराकडे तोंड करून आमच्याशी बोलत बसायचात, आता घराकडे पाठ असते आणि रस्त्याकडे बघत असता. एसटी गेली की मग आत येता.

मला खरोखर ठाऊक नव्हतं गो. उठून पाहिलं तर शेणाच्या जमिनीवर खुर्चीच्या पायांचे खळगे पडले आहेत, मागच्या पायांचे खोल खळगे घराच्या बाजूला, म्हणजे तोंड रस्त्याकडे.

तेव्हा विमल, तुझं बरोबर. ज्याला घरच्या माणसांची काळजी असते तो रस्त्याकडेच बघतो. दगडाचं तोंड रस्त्याकडे. कौल उजवा. ईशाला आजच सांग, आणि तिने आधी डोनलचा फोन उचलावा, मग माझा.

नोराबाईंना माझा नमस्कार कळव. त्यांनी भिजून छत्री धरली हे मी दादूला मुद्दाम ऐकवलं. मऊभात कसा करायचा तो त्यांना शिकवून ये, तूप सढळ घालायला सांग. आणि न सोललेला, असोला नारळ विमानात नेऊ देतात का, तेवढं डोनलला विचारून ठेव. लग्नाला मी स्वतः येणार आहे, आणि त्या दगडाला राखण दिल्याशिवाय पोरीला त्याच्या भरवशावर सोडणार नाही.

तुझा,
सखारामदादा