तुंगनाथच्या वाटेवरच्या तीन हाका

कार्तिक वद्य पंचमी, १९५४

प्रिय मनिराम,

तुझं पाकीट परवा मिळालं. नाव घेऊन लिहिते आहे म्हणून दचकू नकोस. एकोणीस वर्षं मी तुला 'अजी' म्हटलं, चारचौघांत 'आमच्या घरचे' म्हटलं, आणि समोर उभं राहून कधी 'तू' म्हटलं नाही. आता तुझं नाव घ्यायची मला मोकळीक आहे, ती कशी मिळाली ते पुढं येईलच.

पाकिटात दोन कागद होते. एक तुझ्या हातचा, वाकड्या अक्षरातला. दुसरा तुंगनाथखालच्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा, हिंदीत. मेंढपाळांनी तुला दरीतून उचललं, महिनाभर झोपडीत ठेवलं, मग खाली आणलं, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला, डाव्याची बोटं गेली, तीन महिने तापात तुला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं, हे सगळं वाचलं. डॉक्टर विचारतात की हा माणूस गोंदियाकडचा मनिराम म्हणवतो, जवळ एकही कागद नाही, तो तुमचा नवरा आहे का. असल्यास घरच्या माणसानं येऊन घेऊन जावं, नसल्यास त्याला खाली निराधारांच्या आश्रमात पाठवू. आणि तू लिहितोस की कुंदे, केशोरावला घेऊन तातडीनं ये. शेवटी एक ओळ वेगळी टाकली आहेस, की मी तीनदा हाक मारली, तू काऊन ओ दिली नाही. एवढं विचारलंस ते बरं केलंस. सगळ्या पत्रात तेवढाच प्रश्न मला विचारलेला आहे, बाकी सगळे हुकूम आहेत.

आधी घरची खबर देते. तलाव यंदा काठोकाठ भरला. तू गेल्यावर गावानं तुझ्या जागी केशोरावला पाणकर केलं. तुझा चुलतभाऊ असला तरी स्वभावानं तुझ्यावर गेलेला नाही. पाणी सोडताना तो टोकाच्या शेताच्या बांधीपासून सुरुवात करतो, त्यामुळे बकारामच्या धानाला सात वर्षांत पहिल्यांदा पोटभर पाणी मिळालं. तू असताना बकारामची बायको रोज येऊन तुझ्या पाया पडायची आणि तू दात कोरत बसायचास. तुझ्या तेराव्याला गाव जेवलं, पुष्कळ रडलं. पण धान निसवल्यापासून तुझं नाव फारसं कुणी काढत नाही. वच्छलाचं लग्न झालं, फुलचूरला दिली. नवरा तिच्याच वयाचा आहे, तेवीसचा असेल. ती मला भेटायला आली होती. पायांवर डोकं ठेवून बराच वेळ उठली नाही. मीही उठवलं नाही, कारण मलाही रडू येत होतं.

ती यात्रा कशासाठी होती ते तू विसरला असशील, मी नाही. मला मूल झालं नाही म्हणून तुला वच्छला आणायची होती. पंचांनी सांगितलं, पहिलीला बद्रीकेदार घडव, जोडीनं दर्शन घे, मग दुसरी आण, दोष लागणार नाही. म्हणजे माझ्याच पायांनी चालून मी माझी सवत आणायला निघाले होते. गोंदियाच्या स्टेशनवर तुझी माय, जमुनाबाई, माझ्या कपाळाला कुंकू लावून म्हणाली, "पुण्यवान आहेस वं, नवरा देवाले नेऊन राहिला." चौदा माणसं होतो आपण. रुद्रप्रयागपर्यंत मोटार, पुढं सगळी चाल. पंड्याचा गुमास्ता खुशालसिंग वाट दाखवायला, पन्नाशीचा, बुटका, उठता बसता माणसं मोजणारा.

मी माहेरी कचारगडाची टेकडी चढून मोठी झाले, त्यामुळे चढाचं मला भय नव्हतं. तुझ्या तळव्यांना केदारच्या उतरणीवर फोड आले आणि तू कंडी केलीस. कंडीतला माणूस उलट्या तोंडानं बसतो, हे मला तिथंच कळलं. पुढं भारवाही, त्याच्या पाठीवरच्या टोपलीत तू, आणि मागं डोक्यावर गाठोडं घेऊन मी. चार दिवस तुझं तोंड माझ्याकडे. मान खाली घातली तर ठेच, वर केली तर तू. शेजारी बर्फाचे डोंगर उभे होते आणि तू मला घराची नवी मांडणी समजावत होतास. "वच्छला आली का तू कोठ्यात झोपजो. बैलाईची ऊब राहते." वर हसलास. तो बिचारा भारवाही मराठी कळत नसूनही दर वळणावर मला विचारायचा, माताजी, थोडा रुकें? तू म्हणायचास, चल.

तुंगनाथचा चढ आला तेव्हा भारवाही म्हणाला, इथं कंडी जात नाही, उतरा. पुढची मंडळी वरच्या धर्मशाळेकडे निघून गेली. मागं राहिलो आपण दोघं, खुशालसिंग आणि तो भारवाही. खुशालसिंगनं निघतानाच सांगितलं होतं, धुकं आलं तर जागेवर बसा, आणि काही झालं तरी पाण्यामागं जाऊ नका, इथलं पाणी खाईत जातं. तू त्याला हसलास. म्हणालास, "माह्या सात पिढ्यांनी तलाव बांधले. पान्याची अक्कल तू मले शिकवतं काय?" आपल्याकडे खरंच आहे ते. रानात चुकलं की नाल्याच्या कडेनं उतरत जावं, तास दोन तासांत तलावाची पाळ दिसते, पाळीखाली गाव असतं. पोरं सुद्धा जाणतात. पण तिथं पाळ बांधायला कोण बसलं होतं? धुकं आलं, गारा आल्या, तू आडोशाला म्हणून गेलास, आणि वाट हुकल्यावर खुशालसिंगचं ऐकून बसण्याऐवजी पाण्याचा आवाज धरून उतरलास. इथवर माझा काही दोष नाही. पुढचा आहे, तो सांगते.

खुशालसिंगनं मोजलं, एक कमी. भारवाहीला त्यानं वर पिटाळलं, माणसं आणायला. स्वतः "बाबूजी, बाबूजी" ओरडू लागला. त्या डोंगरावर प्रत्येक यात्रेकरू बाबूजी. वरून कुणीतरी ओ द्यायचं, तो तिकडे धावायचा. तुझं नाव त्याला ठाऊक नव्हतं. मला म्हणाला, "माई, नाम लेकर पुकारो. घरवाली की आवाज आदमी दूर से पहचानता है." मी नाही म्हणून मान हलवली. त्याला समजलं. म्हणाला, आमच्याकडच्या बायकाही घेत नाहीत, पण आज पाप नाही लागणार. मी ओठ मिटून उभी राहिले.

मनिराम, माझ्या खालच्या ओठावरचा डाग तुझ्या डोळ्यांसमोर असेल. आठ वर्षांपूर्वी तलावाच्या पाळीवर तू वाकून मोरीतला गाळ काढत होतास आणि तुझ्या हातापासून वितीवर नाग होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मनिराम, सरका." तू सरकलास, म्हणून वाचलास. गडीमाणसं हसली, बाई नवऱ्याचं नाव घेते म्हणून. घरी आल्यावर तुझी माय म्हणाली, नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटते, हे तुह्या मायनं नाही शिकवलं काय. तिनं माझे हात धरले आणि तू चुलीतलं उलथनं माझ्या ओठाला लावलंस. रागात नाही, सावकाश, फोडणी करावी तसं. लोकांना सांगितलंस, चुलीवर पडली. महिनाभर मी पेज प्यायले. तेव्हा म्हणाला होतास, "मी मरून राहिलो असन तरी माह्यं नाव घेजो नोको." मी तुझं बाकी काही ऐकलं असेल नसेल, हे ऐकलं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हाका मी ऐकल्या. तिन्ही ऐकल्या. खुशालसिंग उजवीकडच्या कड्याकडे गेला होता आणि तू डावीकडून, खालून ओरडलास. पहिल्यांदा, "कुंदे, कुठं मेली?" दुसऱ्यांदा जे म्हणालास ते लिहिण्यासारखं नाही, पण रोजचंच होतं. दोन हाकांच्या मधे मी ओ देणार होते, खोटं सांगत नाही, गळ्यापर्यंत आली होती. मग ती दुसरी ऐकली आणि गिळून टाकली. तिसऱ्यांदा शिवी नव्हती. नुसतं "कुंदा" म्हणालास, "कुंदा, ये ना वं." लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला कुणी असं बोलावलं. ते ऐकून मला दया यायला हवी होती. मला आली नाही. मला वाटलं, म्हणजे याला असं बोलता येत होतं. एकोणीस वर्षं येत होतं आणि बोलला नाही. तेवढ्यात खुशालसिंग धापा टाकत परत आला, विचारलं, माई, कुछ सुनाई दिया? मी म्हटलं, पानी की आवाज है. तो कान देऊन थांबला, तोवर तू गप्प झाला होतास.

त्यानं आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शोधलं. कड्याच्या टोकाशी तुझा कोट सापडला. खुशालसिंग रडला, म्हणाला, तीस वर्षांत माझा पहिला माणूस गेला. त्या एका माणसाचं मला वाईट वाटतं. तो स्वतःला दोष देत असेल आणि मी त्याला काही सांगू शकत नाही.

बद्रीला ब्रह्मकपालावर भटजींनी पिंडाचा भात पुढं ठेवला. मुलगा नाही, भाऊ नाही, म्हणून मीच बसले. म्हणाले, मृताचं नाव सांगा. बरोबरच्या बायकांनी पदर तोंडाला लावले, ही बिचारी कसं घेणार म्हणून. मी घेतलं. मोठ्यानं, तीनदा. तू जिवंत असशील हे मला पक्कं ठाऊक नव्हतं, पण मेला आहेस हेही नव्हतं. तरी घेतलं. माझ्या तोंडाला काही झालं नाही, मनिराम. ओठ भाजला नाही. तिथला पिंड मिळाला की माणसाचं काही देणंघेणं उरत नाही, पुन्हा श्राद्धही घालावं लागत नाही म्हणतात. बांगड्या मी अलकनंदेच्या काठी फोडल्या, एका दगडावर, आणि हात इतके हलके झाले की मला त्याचा आनंदच झाला.

माय बरी आहे. तिला आता नीट दिसत नाही. घरी आल्यावर तिनं एकच विचारलं, माझ्या लेकाला शेवटचं पाणी मिळालं का. मी सांगितलं, माझ्या हातानं पाजलं, गंगेचं. त्यावर ती जगते आहे. परवा पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा ती अंगणात सूप घेऊन बसली होती. कोणाचं वं, म्हणाली. म्हटलं, माझ्या भावाचं, त्याचा बैल मेला. ती बराच वेळ हळहळली, बिचारा बैल, कायनं मेला म्हणून. तुझं पत्र माझ्या हातात होतं आणि मी तिच्यासमोर ते अंगणातल्या चुलीत घातलं. क्रूर म्हणशील. म्हण. तिनं माझे हात धरले होते, त्याचं तिला काहीच आठवत नाही आणि मी रोज तिला न्हाऊ घालते. एवढी क्रूरता या घरात मला कुणीतरी शिकवलीच ना.

केशोरावला लिहायचं तर लिही. ज्याला तुझ्या जागी बसवलंय, तो तुला आणायला डोंगर चढेल का, ते तूच ओळख. गावाला कळवायचं तर तेही कर. माझी हरकत चालणार नाही, पण तिथले लोक आधी लग्नाच्या बायकोचा शब्द मानतील. म्हणून डॉक्टरांना मी कालच उत्तर टाकलं. त्यांनी तुझ्या खुणा लिहिल्या होत्या, डाव्या खांद्यावर जू वाहून पडलेला घट्टा, पाठीवर तीळ, बायकोचं नाव कुंदा, गावाजवळ चोरखमाऱ्याचा तलाव. सगळ्या बरोबर आहेत. मी हिंदीत लिहिलं, की माझे पती ज्येष्ठात तुंगनाथला वारले, त्यांचं पिंडदान मी स्वतः केलं आहे, हा माणूस कोण ते मला ठाऊक नाही, आमच्या दुःखाची चेष्टा करू नये. खाली सही केली. डॉक्टर भले दिसतात, ते तुला आश्रमात पाठवतील, तिथं दोन वेळ जेवण असतं. हे दुसरं पत्र मराठीत, तिथल्या कुणाला कळणार नाही असं, तुला एवढ्यासाठीच, की तिकडे पडल्या पडल्या तुला वाटायला नको की टपालात घोटाळा झाला, किंवा कुंदाला ओळख पटली नाही. पहिल्या ओळीलाच पटली.

तुझीच विधवा,
कुंदा