समुद्र दिसेल अशी जागा

प्रिय ताई,

वाकून नमस्कार करायला या घरगाडीत जागा नाही (वाकलं की मागे शेगडीचं बटण फिरतं), म्हणून बसल्या बसल्याच करते, गोड मानून घ्या. भावोजींचा खोकला कसा आहे? काढा घेतात, की तुमची पाठ वळली की कुंडीत ओततात? तुम्हीही लवकरच घरगाडी घेऊन समुद्राकडे निघणार, तर मुक्कामाला कोणती जागा निवडावी, असं तुम्ही फोनवर विचारलं होतंत. मी नुसतं 'कळवते' म्हणाले, कारण शेजारी तुमचे धाकटे बंधू बसले होते आणि जागा निवडण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. आता ते अंघोळीच्या रांगेत उभे आहेत, म्हणजे मला मोकळेपणाने लिहायला भरपूर वेळ आहे.

निघण्याआधी महिनाभर तुमच्या भावाने जेवताना, दात घासताना, अगदी दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्म्याची फ्रेम बसवतानासुद्धा फोनवर कॅम्पांचे फोटो पाहिले. अट एकच, अंथरुणात पडल्या पडल्या समुद्र दिसला पाहिजे. मी विचारलं, पाणी आहे का, गाडीला वीज जोडता येते का, चिमणीला खेळायला जागा आहे का? (आमच्या लेकीला आता चिमणी म्हटलेलं चालत नाही, पण आत्याच्या पत्रात चालावं.) तर म्हणाले, "अगं, समुद्र आहे!" जसं काही समुद्रात भांडी घासता येतात. शिवाय आईंना बरोबर न्यायचंच, असं तुम्ही बजावलं होतंत. बाबा गेल्यापासून त्यांचं एकच पालुपद, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." या खेपेला घरच चाकांवर निघालं होतं, त्यामुळे त्यांना सबब उरली नाही.

पहिली जागा बंधुराजांची. बोडक्या टेकडीच्या टोकावर. समुद्र दिसत होता, नाही म्हणणार नाही, फक्त डोळे उघडता येत नव्हते, इतका वारा. फोटोतली झाडून सगळी झुडपं एकाच बाजूला वाकलेली होती. जगाची नजर तपासणाऱ्या माणसाला ती दिसू नयेत, ही तुमच्या घराण्याची खासियत समजायची का? एवढ्या वाऱ्यात त्यांनी गाडीच्या बाजूचं कापडी छत उघडलं. ते शिडासारखं फुगलं, सुटलं, आणि शेजारी जेवायला बसलेल्या कुटुंबावर जाऊन पडलं. कापडाखालून एक बाई शांतपणे म्हणाल्या, "मीठ आमच्याकडे आहे, तुम्ही काय आणलंत?" चिमणीला वाटलं, हा सहलीतलाच एखादा कार्यक्रम. आई मात्र गाडीतून उतरल्याच नाहीत.

दुसरी जागा मी निवडली, खोटं कशाला बोलू. 'खास कुटुंबांसाठी' होती. वीज, पाणी, घसरगुंडीचा तलाव, सगळं काही. पण गाड्या एकमेकींना इतक्या खेटून की आमची खिडकी उघडली की शेजारच्यांच्या पातेल्यात जायची. आणि उजाडलं रे उजाडलं की एक उत्साही माणूस कर्ण्यावरून सगळ्यांना मजा करायला बोलवायचा. कुणी मजा करायला आलं नाही तर दारावर थापा मारायचा. पोत्यांच्या शर्यतीसाठी त्याने थेट आईंनाच गाठलं. आई म्हणाल्या, "मला गुडघे आहेत." तो म्हणाला, "छान! तेच लागतात." आम्ही त्याच दुपारी गाशा गुंडाळला.

मग गाडीत आमची जी जुंपली, ती तुम्ही ऐकली नाहीत हेच बरं. टेकडीपासून सुरुवात होऊन लग्नातल्या रुसव्यांपर्यंत पोचलो, तेव्हा आई एवढंच म्हणाल्या, "थांबव." रस्त्याच्या कडेला एक साधासा कॅम्प होता. समुद्र जवळच, पण चालत जावं लागतं. आई एकट्या उतरल्या, आत फेरी मारली, न्हाणीघराची कडी लावून पाहिली, आणि येऊन म्हणाल्या, "इथे माणसं कपडे वाळत टाकून खुशाल फिरायला गेलीत. इथेच राहू."

"पण समुद्र?" बंधुराज रडवेले झाले.

"तुला झोपायचंय की बघायचंय?"

जागा मिळाली न्हाणीघर आणि झोपाळे यांच्या मधली. गाडी मागे घेताना चिमणी "या, या" ओरडत होती, मी "थांबा, थांबा", आणि तुमच्या भावाने आयुष्यात पहिल्यांदाच आम्हा दोघींचं एकदम ऐकून नळ पाडला. असं कारंजं उडालं की आसपासची पोरं साबण घेऊन धावली. शेजारी एक निवृत्त बसचालक खुर्ची टाकून सगळं पाहत होते. मदतीला उठले का? छे. म्हणाले, "जन्मभर मी बस मागे घेतली आणि लोकांनी पाहिलं. आता माझी पाळी." मग आईंकडे वळून विचारलं, "पत्ते खेळता का? आमचा चौथा गडी आजच घरी गेला." आई म्हणाल्या, "मला नाही येत." आणि गेल्या.

ताई, थोड्या वेळाने तिकडून कुणाला तरी ठसका लागल्याचा आवाज आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावले. आई हसत होत्या. इतक्या दिवसांत ते हसू मी विसरूनच गेले होते. तुमचे भाऊ ओल्या विजारीत, हातात तुटका नळ घेऊन माझ्यामागे येऊन उभे राहिले, आणि पहिल्यांदाच समुद्राबद्दल काही बोलले नाहीत.

तेव्हा जागा हीच निवडा. खिडकीतून न्हाणीघराची भिंत दिसते, पण सवय होते. भावोजींना नमस्कार. मुलांना माझ्याकडून एकेक पापा आणि एकेक धपाटा.

तुमची,
वहिनी

ता. क. सांगायचं राहिलंच. आम्ही उद्या परत निघतोय, आई येत नाहीत. इथे लाकडी खोल्या भाड्याने मिळतात, त्यांतली एक त्यांनी आम्हाला न विचारता ठरवून टाकली. तुमचे भाऊ समजूत घालायला म्हणून गेले आणि चार डाव हरून परत आले. माझं तर त्या ऐकून घेतात आणि विचारतात, "झालं?" तुमचा, लेकीचा, शब्द मोडवणार नाही त्यांच्याने. इथे आलात की गोडीगुलाबीने समजावून घरी घेऊन या. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच पत्राचा हा प्रपंच. पण मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नका.

आणखी एक ता. क. हे मी लिहितेय, तुझी आई. टपालपेटी कॅम्पच्या फाटकाशी आहे, आणि चालणं गुडघ्यांना बरं म्हणून सूनबाईने पत्र टाकायला मलाच धाडलं. पाकीट चिकटवायला विसरली. छान लिहिते गं ती, मी दोनदा वाचलं. तू अवश्य ये, पण गाडी माझ्या खोलीजवळ लावू नकोस, पार पलीकडच्या टोकाला लाव. इथे मला कुणी जपत नाही, फार बरं वाटतं. आणि येताना माझ्यासाठी पोहायचा एक पोशाख आण. गडद निळा. माप तुझंच धर, जरासं सैल. सूनबाईला यातलं काही बोलू नकोस, तिला वाटतं मी काठावर बसून असते.