येतो म्हणावं

३ नोव्हेंबर, सोमवार
अनूप गेला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला ऑफिसजवळ खोली घेतलीय. इथून, येलहंक्याहून रोजचं ट्रॅफिक सोसत नाही म्हणे. ट्रॅफिक कसलं डोंबलाचं! माझ्याबरोबर राहवत नाही, हे परवाच सांगून झालंय. दारात म्हणाला, "जातो." नवरा घराबाहेर पडताना जातो म्हणतो का कधी? मी सवयीने म्हटलं, "येतो म्हणावं."
"खोटं कशाला बोलू?"
जुना लॅपटॉप ठेवून गेलाय. डेटाबेस शीक, नोकरी लागेल, असं म्हणाला. माझी काळजी!

५, बुध.
बसले शिकायला. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस. फुकट आहे, कुणीही घ्यावं. उतरवून घेतलं, इथवर सगळं सरी, ठीक. मग सुरू करायची कमांड दिली तर उत्तर आलं, अनूप नावाचा रोल अस्तित्वात नाही. लॅपटॉपचं लॉगिन त्याचं, तेच नाव हे आपलं आपण उचलतं, असं मागनं कळलं. तोवर रडून झालं होतं. खालच्या घरमालकीण अक्का सारूभात घेऊन आल्या. माझं तोंड बघून, स्वल्प तरी जेव म्हणाल्या. जेवले नाही.

८, शनि.
रोल म्हणजे आत शिरायचं नाव. त्याच्या नावाचा तयार केला की बाकी काही बदलायला नको. एका ओळीचं काम. लिहिली ओळ, एंटर मारलं. काहीच नाही. चूकही दाखवेना. शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला होता. तो मिळेपर्यंत हे ओळ संपली असं धरतच नाही, गप्प वाट बघत बसतं. मेलं माझ्यासारखंच.
ओळ सोडून दिली. नव्या ओळीत त्याच्या जागी माझं नाव लिहिलं, वैशाली, अर्धविराम दिला. झाला रोल. आनंद व्हायला हवा होता, पण

१६, रवि.
अ. स्वेटर न्यायला आला. वाळलाय. लॅपटॉप उघडाच होता. माझं नाव बघून म्हणाला, "जमलं की गं." आपलं नाव त्यात नाही हेही दिसलं असणार. चहा अर्धा ठेवला.
बूट घालता घालता म्हणाला, "येतो."
दोघांनीही ऐकलं. तो पायरीवर थांबला, खाली बघत. सवयीने म्हणालास की खरं, एवढंच विचारायचं होतं मला. सवयीने माझ्या तोंडून "ये" निघून गेलं.